चौकटीचा कोपरा

(शिरोली औद्योगिक वसाहतीत भरलेल्या ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आज दोन शब्द बोलावेत अशी चालक मंडळींची आज्ञा झाली. माझा हात आयुष्यभर खडूवर चालला, पटाशीवर नव्हे. तथापि जन्म सुताराच्या घरचा आणि शाळेत विषय भूमितीचा, म्हणून एका लहानशा वस्तूविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. ती वस्तू म्हणजे दाराच्या चौकटीभोवती मारलेल्या पट्टीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत बसविला जाणारा नक्षीचा ठोकळा.

हा ठोकळा केवळ शोभेसाठी असतो, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु लाकूड हवेतील ओल पिते आणि टाकते. लांबीत त्याचा फरक नाममात्र पडतो. रुंदीत मात्र ते पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. दोन पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडल्या, तर आकसताना त्यांचा सांधा आतल्या बाजूने उघडतो आणि फुगताना बाहेरच्या बाजूने. कोपऱ्यात ठोकळा आला, की दोन्ही पट्ट्या सरळ कापून त्याला भिडविता येतात. ठोकळा पट्टीहून किंचित मोठा असल्यामुळे तिची हालचाल त्याच्या कडेच्या आत लपून राहते. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील घरांत असे ठोकळे सर्रास बसवीत. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या चौकटींवर गणेशपट्टीच्या दोहों बाजूंस कमळे कोरलेली पुष्कळदा आढळतात, ती याच घराण्यातील शोभा होय.

तो करावयाचा कसा? पट्टी ३ इंच रुंद व पाऊण इंच जाड असेल, तर ठोकळा सव्वातीन इंच चौरस व १ इंच जाड घ्यावा. लाकूड चांगले वाळलेले असावे व त्याच्या रेषा उभ्या ठेवाव्यात, म्हणजे ठोकळा आणि खालची उभी पट्टी एकाच दिशेने आकसतात. गुण्याने चारही कोन तपासून दोन कर्ण आखावेत. ते छेदतात तो मध्य. लेथवर वर्तुळे कातावयाची असल्यास ठोकळा मागून स्क्रूने तबकडीवर घट्ट बसवावा आणि विजेचे बटण दाबण्यापूर्वी एकदा हाताने फिरवून पाहावा. फिरताना त्याचे चार कोपरे डोळ्यांना दिसत नाहीत, पण बोटांना लागतात. सैल बाही व उघडे डोळे तेथे चालत नाहीत, चष्मा हवाच.

लेथ नसेल तरी अडत नाही. कंपास त्रिज्येइतकाच ठेवून परिघावर खुणा करीत गेल्यास बरोबर सहा खुणा पडतात. तेच सहा पाकळ्यांचे कमळ. आठ पाकळ्या हव्या असतील, तर दोन कर्णांना मध्यातून जाणाऱ्या एका उभ्या व एका आडव्या रेषेची जोड द्यावी. पाचवी-सहावीतील ही भूमिती आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातात शाळेवाचून होती, हे मुलांना अवश्य सांगावे.

आज बाजारात लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे तयार ठोकळे मिळतात. ते स्वस्त आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु पाणी लागताच साधी दाबलेली फळी फुगते, आणि वाळली तरी पूर्ववत होत नाही. पंचगंगेने २०१९ आणि २०२१ साली काय केले, ते या परिसरातील प्रत्येक कुटुंब जाणते. नदीकाठच्या घरासाठी वस्तू निवडताना हा हिशेबही मांडला पाहिजे.

येथे कोणी विचारील, की शिरोली तर फौंड्रीची. तेथे कमळाचे काय काम? मित्रहो, वाळूत जो साचा दाबून ओतकामाचा आकार घेतात, त्याचा मूळ नमुना लाकडाचा असे आणि तो सुताराच्या हातून उतरे. वितळलेले बीड थंड होताना मीटरला सुमारे १० मिलिमीटर आकसते. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि वाळू न ढासळता तो वर निघावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. आकसणे ओळखून आधीच जागा सोडणे, हीच विद्या चौकटीच्या कोपऱ्यात आहे. आज धातूचे नमुने आणि संगणकावर चालणारी यंत्रे आली. तरीही किती जागा सोडावयाची, हे यंत्राला कोणीतरी सांगावेच लागते.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याचे फळ म्हणून आपण पाटीवर आलो. पण पाटीवर आल्यावर रंध्याची लाज वाटू लागली, तर ते शिक्षण अपुरे म्हटले पाहिजे. आपली विद्या हातातून हातात गेली, कागदावर फारशी उतरली नाही. त्यामुळे एक म्हातारा हात थांबला, की एक पुस्तक जळते.

म्हणून माझी विनंती एवढीच: प्रत्येक घराने आपल्याकडील एक तरी माप, एक तरी नक्षी वहीत उतरवावी, खाली ती करणाऱ्याचे नाव लिहावे आणि पुढील वर्षी ती वही येथे आणावी. मुलांना सुटीत कारखान्यात न्यावे, मुलींनाही न्यावे. त्यांनी पुढे डॉक्टर व्हावे, इंजिनियर व्हावे. परंतु घराच्या दाराचा कोपरा का उघडतो, हे सुताराच्या मुलाला ठाऊक नसावे, हे बरे नव्हे.