दगड झालेली झाडे



लाकूड म्हटले की ते पावसात कुजते, वाळवी खाते, चुलीत जळते. पण कुजत नाही आणि जळतही नाही, असे लाकूड असते का? असते. अमेरिकेत अ‍ॅरिझोना नावाचे राज्य आहे. तिथल्या ओसाड रानात असे ओंडके पडले आहेत. ते दगडाचे आहेत.

हे रान मोठे उजाड. पाऊस वर्षाला सुमारे १० इंच. जिकडे तिकडे मऊ मातीच्या टेकड्या. तांबडे, करडे, जांभळे पट्टे. माती धरून ठेवायला गवताची मुळे नाहीत. सर आली की माती वाहून जाते, खोल ओघळी पडतात. रानात शिरायचे तर पाणी पाठीवर घेऊनच जावे लागते.

माती धुपली की आत पुरलेले ओंडके उघडे पडतात. ते तिथे आले कसे?

सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वी तिथे वाळवंट नव्हते, नद्या होत्या. काठची झाडे उन्मळून पडली, गाळाखाली गाडली गेली. हवा लागली नाही, म्हणून ती चटकन कुजली नाहीत. गाळात ज्वालामुखीची राख होती. राखेतला गारगोटीचा अंश पाण्यात विरघळून लाकडात मुरला. हळूहळू लाकडाची गारगोटी झाली. लोखंडाच्या अंशाने तिला तांबडा, पिवळा रंग चढला. चाकूने ओरखडा उठत नाही, इतकी ती कठीण!

पुढे लोक हे ओंडके फोडून नेऊ लागले. तेव्हा १८९५ साली तिथल्या विधिमंडळाने सरकारला विनंती केली, ‘हे रान राखा.’ १९०६ साली त्याला संरक्षण मिळाले. तिथून दगड उचलणे आता गुन्हा आहे.

तरी काही जण म्हणतात, ‘एक खडा नेला तर काय बिघडते?’ मग घरी मन खाते. खडा टपालाने परत येतो, सोबत माफीची चिठ्ठी. पण तो कुठून उचलला, हे कोण सांगणार? परत आलेल्या अशा दगडांचा तिथे ढीग झाला आहे. कोणता थर, कोणती झाडे, ही त्याची माहिती कायमची गेली.

मंडळी, आपल्या गडचिरोली जिल्ह्यातही सिरोंचा तालुक्यात अशी झाडे सापडली आहेत. उद्या तुमच्या नांगराला लाकडासारख्या रेघांचा जड दगड लागला, तर तो फोडू नका, हलवूही नका. जागेवर खूण करा आणि शाळेतल्या गुरुजींना बोलावून दाखवा.