मधुमेह आणि शरीरातील डागडुजी



गावाची पाणीयोजना उभारणे एक वेळ सोपे, परंतु तिची देखभाल कठीण, हा अनुभव आपणांपैकी ग्रामपंचायत सदस्यांना नवा नाही. नळ फुटला तर दुरुस्ती करणारा माणूस हवा, त्याला निरोप पोचावयास हवा आणि त्याच्या हाती बळही हवे. रक्तवाहिन्यांचेही तसेच आहे. मधुमेह हा केवळ साखरेचा विकार नसून तो या दुरुस्तीच्या व्यवस्थेवरच घाव घालतो, हे आज मला मांडावयाचे आहे.

रक्तवाहिनीच्या आत पेशींचे अत्यंत पातळ अस्तर असते. ते झिजते व पुन्हा भरून निघते. १९९७ साली अमेरिकेतील बोस्टन येथे ताकायुकी असाहारा, जेफ्री इस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ माणसाच्या रक्तातून या कामास हातभार लावणाऱ्या पेशी वेगळ्या काढल्या. अशा पेशींपैकी बऱ्याच अस्थिमज्जेतील मूळ पेशींच्या कुळातल्या असतात. त्यांपैकी पुष्कळशा स्वतः अस्तर बनत नाहीत. पोषक द्रव्ये स्रवून त्या शेजारच्या पेशींना कामास लावतात, असे पुढील संशोधनाने दाखविले.

मधुमेहात तिन्ही बाजूंनी खोट येते. अस्थिमज्जेतील सूक्ष्म वाहिन्या व मज्जातंतू यांनाच इजा पोचल्याने पेशी तेथे अडकून पडतात व रक्तातील त्यांची संख्या घटते. जखमेकडून निघणारा रासायनिक निरोप क्षीण होतो. पेशी बाहेर पडण्यास लागणारे नायट्रिक ऑक्साइडही अपुरे पडते. आणि ज्या पेशी पोचतात, त्यांची वाढण्याची, चिकटण्याची व नवी वाहिनी घडविण्याची शक्ती मंदावलेली असते.

याचा प्रत्यय पायाच्या जखमेत येतो. बधिर पायात शेतातला काटा रुतला तरी कळत नाही. कळतो तेव्हा जखम भरून येण्याइतके रक्त तेथे पोचत नाही. ती चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. कर्त्या माणसाचा पाय गेला म्हणजे घराचा आधारच खचतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

मग बाहेरून मूळ पेशी टोचून घेतल्या तर? मधुमेहावरील असे उपचार अद्याप प्रायोगिक अवस्थेत आहेत. परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर ते देणे योग्य नाही. जाहिरातींना भुलून कोणी जमीन गहाण टाकू नये, हे सांगणे आपले काम आहे.

खरा उपाय आपल्या हाती आहे. साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे आणि रोज चालणे. नियमित व्यायामाने या दुरुस्ती करणाऱ्या पेशींची रक्तातील संख्या वाढते, असे दिसून आले आहे. मधुमेही व्यक्तीने अनवाणी फिरू नये व रोज रात्री तळपाय पाहावेत. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी उपकेंद्रावर व्हावी, यासाठी सदस्यांनी ग्रामसभेत आग्रह धरावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी हा निरोप घरोघर पोचवावा. नळ फुटण्यापूर्वीच जो त्याची काळजी घेतो, त्याच्या गावाला पाण्याची ददात पडत नाही.