बिनतारी कळ आणि चिखलांतील गाडी



नागपूरच्या आसपासची काळी जमीन किती चिवट असते, हें आपणांस ठाऊकच आहे. उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस लागला कीं तीच जमीन फुगते आणि चाकाला अशी चिकटते कीं चाक फिरतें, गाडी मात्र जागची हालत नाहीं. काटोल-नरखेडकडच्या पांदणींतून आंबिया बहाराचीं संत्रीं घेऊन निघालेला टेम्पो अवकाळी पावसांत रुतला, तर पूर्वीं बैलांच्या जोड्या आणाव्या लागत. आतां ट्रॅक्टर येतो, नाहीं तर विंच लावलेली टोचनची गाडी येते. शहरही या संकटापासून मुक्त नाहीं. २३ सप्टेंबर २०२३ रोजीं अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरांतील कितीतरी मोटारी घरापुढेंच पाण्यांत गेल्या, हें आपण विसरलां नसाल. या विंचेला अलीकडे बिनतारी रिमोट बसवितात. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

विंच म्हणजे विजेच्या मोटरनें फिरणारा एक रूळ, त्यावर गुंडाळलेला सुमारें २५ ते ३० मीटर दोर, आणि दोराच्या टोकाला आकडा. झाडाच्या बुंध्यास रुंद पट्टा घालून त्यांत आकडा अडकवावा व कळ दाबावी, म्हणजे गाडी स्वतःच स्वतःस ओढून काढते. दोर झाडाजवळच्या कप्पींतून परत आणून गाडीसच जोडला, तर जोर जवळजवळ दुप्पट होतो आणि वेग निम्मा. शाळेंत फळ्यावर शिकविलेला नियम येथें चिखलांत खरा ठरतो.

परंतु ताणलेल्या दोरांत शक्ति सांठलेली असते, ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाहीं. दोर तुटला किंवा आकडा सुटला, तर ती सारी शक्ति एका क्षणांत मोकळी होते. तारेचा दोर चाबकासारखा उसळतो. कृत्रिम धाग्याचा दोर हलका, म्हणून त्याचा मार कमी; पण त्याच्या टोकाचा लोखंडी आकडा कांहीं हलका नसतो.

माझा एक जुना विद्यार्थी टोचनचा धंदा करतो. कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत तो एक गाडी काढीत होता व मी बांधावर उभा होतों. त्याचा रिमोट तारेचा. तार जेमतेम साडेतीन मीटरांची. तेव्हां त्याला बॉनेटजवळच उभें राहणें भाग होतें. दोर तटकन् तुटला आणि बॉनेटचा पत्रा आंत चेपला. मुलगा त्याच क्षणीं चिखल झटकण्यास एक पाऊल बाजूस सरला होता, म्हणून वांचला. सायंकाळीं त्याच्या आईनें मला विचारलें, “गुरुजी, याला हें काम लांबून करतां येणार नाहीं काय?” मला उत्तर सुचलें नाहीं. कप्पीचा नियम मीं त्याला शिकविला होता; उभें कोठें राहावें, हें शिकविलें नव्हतें.

त्या माउलीच्या प्रश्नाचें एक उत्तर म्हणजे हा बिनतारी रिमोट. आपण या क्षणीं माझें बोलणें ज्या लहरींवर ऐकत आहां, त्याच जातीच्या लहरी येथें कामीं येतात. जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास भिंतीपलीकडची घंटा अशा लहरींनीं वाजवून दाखविली. १८९८ सालीं निकोला टेस्ला यांनीं न्यूयॉर्क येथें एक लहानशी नौका दुरून चालविली. विंचेच्या रिमोटची डबी आपल्या ठराविक संकेतांकासह लहर सोडते. गाडीवरील यंत्र तो संकेतांक ओळखतें आणि मोटरची वीज जोडणाऱ्या सोलेनॉइडला हुकूम देतें. जुळविलेल्या डबीवांचून दुसऱ्या कोणाचा हुकूम तें मानीत नाहीं. माणूस मात्र दोराच्या रेषेबाहेर, ताणलेल्या दोराच्या दीडपट अंतरावर उभा राहूं शकतो.

माझ्या विद्यार्थ्यानें तो रिमोट घेतला, आणि दुसराच धोका समोर आला. त्याचा मदतनीस हातानें दोर रुळावर नीट बसवीत होता. हा खिशांत डबी ठेवून खालीं वांकला, कळ दाबली गेली, रूळ फिरला. मदतनिसानें हात वेळींच काढला, एवढेंच. म्हणजे तारेच्या रिमोटनें ज्याला जवळ खेचलें होतें, त्याला या डबीनें दूर नेलें खरें. पण दुसऱ्याचीं बोटें रुळाजवळच राहिलीं. हात दूर गेला तरी नजर दूर जातां कामा नये, हें या साधनाचें पहिलें सूत्र होय.

म्हणून कांहीं नियम पाळावेत. कळ दाबून धरली तरच विंच चालावी व बोट उचलतांच थांबावी, अशीच डबी घ्यावी. दोर हातीं धरण्यापूर्वीं डबी बंद करावी. पूर्ण ओझ्यावर ही मोटर शेकडों अँपिअर वीज ओढते. त्या उष्णतेनें सोलेनॉइडचीं टोकें एकमेकांस चिकटलीं, तर कळ सोडूनही विंच थांबत नाहीं. यासाठीं बॅटरी तोडणारा निराळा खटका हाताशीं असावा. डबींतील सेल ऐन वेळीं संपतो, म्हणून तारेचा रिमोट गाडींत राहूं द्यावा. तारेच्या दोराचे निदान पांच आणि धाग्याच्या दोराचे निदान दहा वेढे रुळावर शिल्लक ठेवावेत. ताणलेल्या दोरावर ओलें गोणपाट टाकावें. दोर तुटलाच तर त्याची उसळी कमी होते. आणि इशारा एकानेंच द्यावा. चौघे ओरडूं लागले कीं कोणाचेंच ऐकूं येत नाहीं.

पांदणींत गाडी रुतली कीं सारा गांव गोळा होतो आणि मुलें सर्वांत पुढें येतात. बिनतारी डबी चालविणाऱ्यास दूर नेईल. मुलांना दूर नेण्याचें काम ती करणार नाहीं, तें आपल्यालाच केलें पाहिजे. पुढच्या पावसाळ्यांत असा प्रसंग आला, तर कळ दाबण्यापूर्वीं एकदां चहूंकडे पाहा, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.