वाटेत गाडी अडली तर



आपला जुन्नर-आंबेगावचा मुलूख घाटांचा. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, जुन्नरचा माल नाणेघाटाने कोकणात उतरत असे. आज नारायणगावचा टोमॅटो आणि ओतूरचा कांदा माळशेज घाटाने कल्याणकडे उतरतो. श्रावणात मंचर-घोडेगावावरून भीमाशंकरला गाड्यांची रीघ लागते. वाट म्हटली की गाडी कधी तरी अडणारच. अडल्यावर काय करावे आणि काय करू नये, एवढेच आम्ही आज सांगणार आहोत.

वाटेतली डागडुजी आपल्याला नवी नाही. बैलगाडीच्या आसाची खीळ पडली, तर गाडीवान बाभळीची खुंटी तासून ठोकी आणि घर गाठी. पण घरी आल्यावर ती खुंटी काढून लोखंडी खीळ घाली. यातच सगळा धडा आहे. वाटेतली डागडुजी घर गाठण्यापुरती, नाही तर मिस्त्री गाठण्यापुरती.

आता काही सोप्या युक्त्या पाहा.

सायकलची ट्यूब फुटली आणि ठिगळ जवळ नाही. मग भोकाच्या जागी ट्यूब दुमडून सुतळीने करकचून बांधा. हवा भरा. चाक थोडे उडेल, पण सायकल चालेल.

पेट्रोलची टाकी बारीक भेगेतून गळते. आधी विडी-काडी दूर ठेवा. कपडे धुण्याचा कोरडा साबण भेगेवर घासून घट्ट दाबा. साबण पेट्रोलात विरघळत नाही, म्हणून गळती थांबते.

जीपच्या एका चाकाचे नट पडले. बाकीच्या तीन चाकांचा एकेक नट काढून तिथे लावा. हळू जा. मधूनमधून थांबून नट आवळा.

रेडिएटरची रबरी नळी फाटली. घाई करू नका. इंजिन तापलेले असताना झाकण उघडाल, तर उकळते पाणी तोंडावर येईल. गाडी निवू द्या. नळी पुसून कोरडी करा. जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, वरून तारेने आवळा. पाणी भरा. झाकण जरा सैल ठेवा, म्हणजे आत दाब वाढणार नाही.

हे झाले चालण्यासारखे. आता न चालणारे ऐका.

फ्यूज जळला तर तिथे जाड तार घालू नका. फ्यूज स्वतः जळून गाडी वाचवतो. जाड तार जळत नाही, मग आतली वायर पेटते.

ब्रेकला आणि स्टिअरिंगला तार, दोरी, चिंधी कधीही चालत नाही. तुम्ही म्हणाल, माल नासतो, बाजार चुकतो, वर्षाची मेहनत गाडीत आहे. खरे आहे. म्हणूनच माणसाला मोह होतो. ब्रेकचे तेल गळाले की कुणी त्यात पाणीच ओततो. पेडल घट्ट लागते. वाटते, जमले! पण घाट उतरताना ब्रेक तापतात. पाण्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल तळाला जाते आणि गाडी काही थांबत नाही. पुढे वळण असते, एसटी असते, पायी चालणारे कुणी असते.

डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडणेही तसलेच. इंजिन बंद पडले की ब्रेकला जोर राहत नाही.

ब्रेक गेला तर गाडी हलवू नका. ती कडेला असू द्या, चाकांना दगड लावा. चारी दिवे लुकलुकते ठेवा. लाल त्रिकोण मागे, वळण असेल तर वळणाच्याही आधी ठेवा. माणसांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर बसवा. पोलिसांची मदत हवी तर ११२, रुग्णवाहिका हवी तर १०८ हा आकडा फिरवा. दुसऱ्याची गाडी अडलेली दिसली, तर आपणही थांबून विचारावे. घाटात शेजारी तोच.

शेवटची गोष्ट दगडांची. गाडी सुरू झाली की लोक आनंदाने निघून जातात. चाकाखालचे दगड रस्त्यावरच राहतात. मागून रात्री, धुक्यातून, मोटारसायकलवर नवराबायको येतात. त्यांना दगड दिसत नाही. त्यांचे काय होते, ते आपल्याला कळतही नाही.

म्हणून आधी दगड उचलून कडेला टाका. मग गाडीत बसा.