गोधडी व शिवणयंत्र

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी महिला मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूने मंदिराच्या बांधणीचा इतिहास सांगावा, देणगीदारांची नावे वाचावी आणि आभार मानून खाली बसावे, असा शिरस्ता आहे. ते कार्य कालच्या सभेत यथासांग पार पडले. आज महिला मंडळाने विषयाची निवड आमच्यावर सोपविली, तेव्हा आम्ही गोधडीविषयी बोलण्याचे योजिले आहे. हे ऐकून मागील बाकांवरील काही पुरुषमंडळी हसत आहेत असे दिसते. त्यांनी खुशाल हसावे. मात्र त्यांपैकी कोणी गोधडीवाचून लहानाचा मोठा झाला असेल, तर त्याने हात वर करावा.

आमच्या धर्मग्रामात गोधड्या शिवून संसार चालविणारी एक भगिनी आहे. "माझे नाव घेऊ नका, फादर," अशी तिने अट घातली आहे, व ती आम्ही पाळणार आहो. तिच्या घरी पायमशीन आहे. यजमान उसाच्या हंगामात कारखान्याच्या वाहनावर असतात. हंगाम सरला की मिळेल ते काम करतात. दोन मुली व एक मुलगा यांचे शिक्षण, थोरलीचे लग्न, घरावरचे पत्रे, हे सर्व त्या यंत्राच्या टिपेवर उभे राहिले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तिच्या सासूबाई, ज्यांना सारे गाव आत्याबाई म्हणत असे, त्या मात्र जन्मभर हातानेच शिवीत आल्या. त्यांची रीत जुनी व सर्वांच्या परिचयाची होती. उन्हाळ्यात शेतीची कामे उरकली म्हणजे जुनेरे धुऊन काढावी. सारवलेल्या अंगणात एक त्यातल्या त्यात धड लुगडे ताणून पसरावे व त्याच्या कडांवर दगड ठेवावे. त्यावर फाटक्या वस्त्रांचे थर उंचवटा न येईल असे जुळवून मांडावे. वर पुन्हा लुगडे घालून मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यावे. आणि मग कडेपासून धावदोरा घालीत, चौकोनात चौकोन करीत, मध्याकडे यावे. आत्याबाईंचा टाका असा बारीक व सारखा की दिवसाउजेडी त्यावर बोट फिरविले तरी कोठे अडखळत नसे.

यंत्राची निंदा करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. यंत्रावर शिवलेले ते सारे खोटे व हाताने शिवलेले ते सारे पवित्र, असे बोलणारे लोक बहुधा स्वतः सुई धरीत नाहीत. गांधीजींची यंत्रांविषयीची नावड सर्वश्रुत आहे. तथापि १९२४ साली एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला आणि सिंगर याने पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते घडविले, असे त्याचे कारण सांगितले. इतिहास पाहता ही कथा सिंगरपेक्षा एलियास हौ या गृहस्थास अधिक शोभते. त्याची पत्नी लोकांचे कपडे शिवून घर चालवीत असे, आणि १८४६ साली हौ याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. सिंगरचे त्यानंतर पाच वर्षांनी आले. कथा कोणाचीही असो, रात्री दिव्यापाशी डोळे फोडणाऱ्या स्त्रीच्या दुःखातून हे यंत्र जन्मास आले, ही गोष्ट मानण्यास आम्हांस अडचण वाटत नाही.

आत्याबाई देवाघरी गेल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक अर्धवट गोधडी निघाली. तीत त्यांच्या आईचे लुगडे होते, त्यांचे स्वतःचे लग्नातील लुगडे होते, लहानपणी वारलेल्या एका मुलाचे दुपटे होते, आणि जुन्या प्रार्थनाघराच्या दारावरील निळ्या पडद्याचा एक तुकडा होता. (पडद्याचा बरे का, वेदीवरील वस्त्राचा नव्हे, आम्ही मुद्दाम चौकशी केली आहे.) कडेकडेचे चौकोन पुरे झाले होते. दोन तृतीयांश काम उरले होते, आणि सुई तशीच टोचलेली होती.

थोरल्या मुलीचे लग्न तीन महिन्यांवर आले, तेव्हा नातलगांनी सल्ला दिला की घरात यंत्र असता सुई कशाला, दोन दिवसांत टिपा मारून मोकळे व्हावे व नातीला आजीची गोधडी द्यावी. सल्ला वाईट नव्हता. आमच्या भगिनीने एका कोपऱ्यावर तो करूनही पाहिला. काय झाले ते तिने आम्हांस कापड हातात देऊन समजाविले, आणि एवढे आम्हांस कोणत्याही पुस्तकात वाचावयास मिळाले नव्हते.

यंत्राचे दाते खालचे कापड पुढे ओढतात, आणि वरून कापड दाबून धरणारा पाय वरचा थर मागे राखतो. नवे कापड घट्ट असते, ते हा ओढा सोसते. जुनेर मात्र विरलेले. त्याचे थर एकमेकांवरून सरकले, चुण्या पडल्या, आणि एके ठिकाणी आईचे लुगडे वीतभर उसवत गेले. दुसरे असे की यंत्राच्या टिपेत वरचा व खालचा असे दोन धागे एकमेकांत अडकून घट्ट बसतात. गोधडीवर ताण आला म्हणजे ते धागे तुटत नाहीत, जुने कापडच कापतात. हाताचा धावदोरा एकच, सैल व सोशीक असतो. ताण आला तर तोच आधी तुटतो, आणि तुटलेला दोरा पुन्हा घालता येतो. फाटलेले लुगडे पुन्हा विणता येत नाही. तात्पर्य काय, तर जेथे कापड जुने तेथे हातच हवा. यात भावनेचा प्रश्न पुढचा. आधी कापडाचे म्हणणे ऐकले पाहिजे.

तिची ही समजूत ऐकताना शुभवर्तमानातील कोऱ्या कापडाच्या ठिगळाचा दृष्टान्त आमच्या मनात आला, हे तुम्ही ओळखलेच असेल. मत्तय, मार्क व लूक या तिघांनीही तो दिला आहे. आम्ही सेमिनारीत त्यावर कितीतरी व्याख्याने ऐकली व पुढे स्वतः कितीतरी प्रवचने केली. पण कोरे कापड धुतल्यावर आटते, आटताना भोवतालचे जुने कापड ओढून फाडते, म्हणून जुन्या गोधडीस नवे ठिगळ लावणे भागच पडले तर ते आधी तीनदा धुऊन उन्हात आटवून घ्यावे लागते, हे आम्हांस या बाईंच्या ओसरीवर समजले. ज्याने तो दृष्टान्त सांगितला त्याने आपल्या मातेला घरची वस्त्रे सांधताना पाहिले असेल, असे म्हणण्याचा मोह आम्हांस होतो.

आता वेळेचा हिशेब पाहू. सहा फूट लांब व साडेचार फूट रुंद गोधडी धरा. दोन ओळींत पाऊण इंचाचे अंतर ठेवले तर बहात्तर इंचांच्या बहात्तर ओळी होतात. इंचास चार टाके धरले तर एकूण टाके २०,७३६. मिनिटास दहा टाके पडले असे मानले तरी सुमारे पस्तीस तास लागतात. त्यात सुई ओवणे, गाठ मारणे, थर जुळविणे यांचा वेळ धरलेला नाही. ज्या स्त्रीला दिवसाकाठी अर्धा तास मोकळा मिळतो, तिला एका गोधडीस सत्तर संध्याकाळी लागतील. आत्याबाईंच्या गोधडीचे दोन तृतीयांश काम म्हणजे कागदावर सत्तेचाळीस संध्याकाळी. लग्न नव्वद दिवसांवर होते. हिशेब तर बसत होता!

परंतु संसार कागदावर चालत नाही. लग्नाचा खर्च भागविण्यासाठी यंत्रावरची कामे वाढवावी लागली. धाकट्या मुलास ताप आला. पाहुणे आले, गेले, पुन्हा आले. पहिल्या महिन्यात तिला चार संध्याकाळी मिळाल्या. त्या घरातील पुरुषांस आम्ही येथे शाबासकी देतो, कारण दुसऱ्या महिन्यापासून यजमानांनी सायंकाळचे पाणी भरणे व मुलाने बॉबिनी भरून ठेवणे आपणांकडे घेतले. धाकटी मुलगी सुया ओवून उशीवर रांगेने टोचून ठेवू लागली. जपमाळेनंतर अर्धा तास यंत्रावर झाकण घालावयाचे, कितीही घाईचे काम असो, असा घराने नियम केला. रविवारी मात्र ती यंत्रास शिवत नाही आणि सुईसही शिवत नाही. याबाबतीत ती आमच्याहून कडक आहे. बंधूंनो, गोधडीतील ऊब घरच्या स्त्रीने दिली असे आपण म्हणतो. तो अर्धा तास तिला कोणी दिला, हेही विचारीत जावे.

बाजाराविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. शहरातील एक व्यापारी तिच्याकडून यंत्रावरच्या गोधड्या घेत असे. अलीकडे हातकामास मोल आले आहे, हे पाहून त्याने सुचविले की याच गोधड्यांस 'हाताने शिवलेली' अशी चिठ्ठी लावावी, म्हणजे दुप्पट भाव येईल व त्यातील वाटा तिलाही मिळेल. तिने नकार दिला. त्या वर्षीचा पावसाळा तिच्या घरी फार ओढीचा गेला, हे आम्हांस ठाऊक आहे. आम्ही विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "फादर, टीप आणि टाका, दोन्ही बोलतात. उलटून पाहिले की झाले." आणि खरोखर तसेच आहे. धावदोऱ्याच्या टाक्याटाक्यांत दोन्ही अंगांना कापडाचा ठिपका दिसतो. यंत्राची टीप दोन्हीकडून अखंड असते. तुम्ही गोधडी विकत घ्याल तेव्हा ती उलटून पाहावी. आणि हातकामाची असेल तर पस्तीस तासांचा हिशेब आठवून मग भाव करावा. मिस्सेनंतर पटांगणात या बाईंशी घासाघीस करणारे काही जण आमच्या दृष्टीस पडले आहेत. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात न्याय्य वेतनाविषयी लिहिले, ते केवळ गिरणीमालकांसाठी होते असे त्यांस वाटत असावे.

हा पेच एकट्या आमच्या गावाचा आहे असे समजू नये. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, नदीच्या वळणात, जीज् बेंड नावाचे एक खेडे आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया, ज्यांचे पूर्वज गुलाम होते, शेतावरच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या शिवीत आल्या. मिझुरी पेटवे नावाच्या स्त्रीने १९४२ साली आपल्या मृत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. त्या कपड्यांच्या झिजेच्या खुणा तीत आजही दिसतात. त्या प्रदेशातील स्त्रियांनी १९६६ साली सहकारी संस्था काढली. तिला मोठ्या शहरांतील दुकानांची कामे मिळाली, घरी पैसा आला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु दुकानास प्रत्येक नग अगदी सारखा हवा असे, आणि मनास येईल तसा तुकडा जोडण्याची त्या बायांची हातोटी तेथे चालेना. ती त्यांनी घरच्या अंथरुणांसाठी राखून ठेवली. पुढे २००२ साली ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील कलासंग्रहालयांत प्रदर्शने भरली, तेव्हा भिंतींवर टांगली गेली ती ही घरची अंथरुणे.

याहून जवळचे उदाहरण उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी बांधवांचे. ते आफ्रिकी वंशाचे. त्यांत ख्रिस्ती आहेत, हिंदू व मुसलमानही आहेत. त्यांच्या गोधडीस कवंद म्हणतात. ख्रिस्ती सिद्दी स्त्रिया तीत पुष्कळदा क्रूस शिवतात, आणि चारही कोपऱ्यांवर चिंधीच्या त्रिकोणी घड्यांची फुले बसविल्यावाचून कवंद पुरी झाली असे कोणीच मानीत नाही.

आमच्या भगिनीची गोधडी लग्नापूर्वी पुरी झाली नाही. थोरली मुलगी आईने यंत्रावर शिवलेली नवी, जाड, उत्तम गोधडी घेऊन सासरी गेली, आणि तीत ती सुखाने निजते असे तिने आम्हांस कळविले आहे. आजीच्या गोधडीचे काम पुढे चालू राहिले. आता धाकटी मुलगीही टाके घालते. कडेपासून मध्याकडे येताना तीन हात स्पष्ट ओळखू येतात: आत्याबाईंचे इंचास पाच टाके, सुनेचे चार, नातीचे तीन, आणि तेही थोडे तिरपे. आई ते उसवीत नाही. मध्यभागी सुमारे दोन वितींची जागा अजून उरली आहे. दुपटे नेमके तेथेच आहे.

तिच्या परवानगीने ती गोधडी शाळेच्या दालनात लांब बाकावर पसरून ठेवली आहे. सभा संपताच सर्वांनी जाऊन पाहावी. हात धुतलेले असतील तर लावावाही. उलट्या अंगानेही पाहावी. मुलांस मात्र तीवर बसू देऊ नये, कारण सुई मध्येच टोचलेली आहे.