धूर, कोंबडी आणि स्निग्ध पदार्थ

स्वयंपाकात आगीची चर्चा पुष्कळ होते, मसाल्याची त्याहूनही अधिक होते. परंतु ज्याच्या आश्रयाने आग आणि मसाला ही दोन्ही आपले काम करतात, त्या स्निग्ध पदार्थाचा विचार बहुधा सर्वांच्या शेवटी होतो. अमेरिकेत कोंबडी धुरावर शिजविण्याच्या ज्या स्पर्धा भरतात, त्यांत मात्र हा प्रश्न आरंभीच उभा राहतो.

लाकडाच्या किंवा कोळशाच्या मंद आचेवर, धुराच्या सान्निध्यात मांस शिजविण्याच्या तेथील पद्धतीस बार्बेक्यू म्हणतात. १९८५ मध्ये स्थापन झालेली कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी ही या क्षेत्रातील एक प्रमुख संस्था आहे. तिच्या स्पर्धांत मांसाचे चार मुख्य विभाग असतात आणि त्यांत कोंबडी हा एक. पदार्थ परीक्षकांपुढे जातो तो साध्या पेटीतून, स्पर्धकाच्या नावाशिवाय, केवळ क्रमांकाने. एका मेजाभोवती सहा परीक्षक बसतात. रूप, चव आणि मऊपणा या तीन कसोट्यांवर ते गुण देतात. परीक्षकाला अनेकांचे पदार्थ चाखावयाचे असल्यामुळे तो एक-दोन घासांपलीकडे सहसा जात नाही. रात्रभर भट्टी राखणाऱ्या स्पर्धकाचे श्रम आणि पैसा त्या घासावर पणाला लागलेला असतो.

त्या घासातील खरी अडचण मांसाची नसून कातडीची असते. स्पर्धक बहुधा कोंबडीची मांडी निवडतात, कारण छातीच्या मानाने तिच्यात चरबी अधिक असते आणि ती सहजी कोरडी पडत नाही. परंतु धुराच्या भट्टीतील हवा पुष्कळदा ११० ते १३५ अंश सेल्सियस इतकीच तापलेली असते. एवढ्या सौम्य उष्णतेत कातडी कुरकुरीत होत नाही. ती रबरासारखी चिवट राहते. परीक्षकाने घास घेतला की सगळी कातडी मांसावरून निघून दातांत येते आणि मऊपणाचे गुण तेथेच जातात. म्हणून कित्येक स्पर्धक कातडीच्या आतील चरबी सुरीने खरवडून काढतात आणि मांड्या एका उथळ भांड्यात लोण्याच्या संगतीने काही काळ भट्टीत ठेवतात. त्या ओलसर उष्णतेत कातडीतील कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन हळूहळू जिलेटीनमध्ये बदलते आणि कातडी दाताखाली अलगद तुटू लागते. मग मांड्या बाहेर काढून, त्यांवर रस लावून, पुन्हा जाळीवर ठेवतात.

यासाठी लोणी घ्यावे, मार्गारीन घ्यावे, तेल घ्यावे की एखाद्या प्राण्याची चरबी? येथे प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोणी मांसात मुरते आणि त्याला आतून रसाळ करते, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः मांसाचा मोठा भाग पाण्याचा असतो आणि स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळत नाही. मीठ आत शिरते. लोणी बाहेरच राहते. बाहेर राहूनही ते तीन कामे करते. ते पृष्ठभाग कोरडा पडू देत नाही, उष्णता सर्वत्र सारखी पोहोचविते आणि मसाल्याचा रंग व वास धरून ठेवते. रश्श्यावर लाल तर्री येते ती मिरचीचा रंग तेलात उतरतो म्हणूनच. पाप्रिका नावाच्या सौम्य लाल मिरचीचेही तसेच होते. धुरातील कित्येक सुगंधी द्रव्येदेखील स्निग्धात सहज विरघळतात.

दुसरा आक्षेप लोण्याच्या जळण्याचा. लोणी १५० अंशांच्या आसपास धुरावते, उलट तुपाला सुमारे २५० अंशांपर्यंत काही होत नाही. कारण आपण लोणी कढवितो तेव्हा पाणी उडून जाते आणि दुधातील घन अंश बेरीच्या रूपाने वेगळा होतो. जळतो तो हाच अंश. हे सारे खरे. परंतु भांड्यात कोंबडीचा रस आणि लोण्यातील पाणी असेपर्यंत तेथील द्रवाचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. तेव्हा भांड्यात लोणी जळण्याचे भय नाही. प्रखर निखाऱ्यांवर सरळ भाजावयाचे असेल तर मात्र तूप किंवा तेल बरे. आणि तेथेही ते थोडेच लावावे, कारण ठिबकलेल्या स्निग्धाने ज्वाळा उठतात व मांसावर काजळी बसते.

मार्गारीनचा पक्ष दुबळा नाही. १८६९ मध्ये मेज-मुरिए या फ्रेंच रसायनज्ञाने लोण्याला स्वस्त पर्याय म्हणून ते सिद्ध केले. बाटलीतून ओतता येणारे मार्गारीन आजही स्पर्धकांच्या आवडीचे आहे, कारण ते स्वस्त आहे आणि वितळवावे लागत नाही. पूर्वीच्या पुष्कळ मार्गारीनमध्ये हृदयाला अपायकारक अशी ट्रान्स मेदाम्ले असत. अंशतः हायड्रोजन दिलेली तेले निर्धोक मानता येत नाहीत असा निर्णय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये दिला आणि २०१८ पासून ती हटविण्यात आली. तरी त्याचा वास आणि रंग बाहेरून दिलेला असतो, आणि मीठही बरेच असते. कोंबडी आधी मिठाच्या पाण्यात भिजविलेली, मसाल्यात पुन्हा मीठ, वर खारट मार्गारीन, अशी तीन मिठे एकत्र आली की घास बिघडतो. बिनमिठाचे लोणी घेतल्यास हा हिशेब स्वयंपाक्याच्या हाती राहतो.

प्राण्यांच्या चरबीविषयी विचार करताना पेटी परीक्षकांपर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ ध्यानात घ्यावा. तोपर्यंत कोंबडी कोमट होते. गुरांची चरबी तोंडातील उष्णतेहूनही अधिक तापमानाला थिजते आणि टाळ्याला चिकटते. लोणी मात्र तोंडात विरघळते. बदकाची चरबी मऊ आणि रुचकर असते. डुकराच्या खारवलेल्या मांसाची चरबी स्वतःचाच धूर आणि स्वतःचेच मीठ घेऊन येते, आणि कोंबडीची चव मागे पडते. सोयाबीन किंवा मक्याचे तेल निर्गंध आणि पातळ राहते. पण ते चवीत भर घालीत नाही.

सारांश, मंद धुरावरील मांडीसाठी बिनमिठाचे लोणी, आणि ते जड वाटल्यास त्यात थोडे निर्गंध तेल, ही निवड सर्वांत सयुक्तिक दिसते. तरीही दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. घरी एकाच दिवशी, त्याच भट्टीत, तोच मसाला लावून दोन भांडी ठेवावी आणि फरक फक्त स्निग्धाचा करावा. दोन्ही कोंबड्या कोमट झाल्यावर चाखाव्या, म्हणजे परीक्षकाच्या जिभेला काय लागेल ते कळते.

एक गोष्ट मात्र स्पर्धेच्या नियमांत शिकावयास मिळत नाही. परीक्षकासाठी केलेला घास हा एका घासापुरताच असतो; तितके लोणी आणि तितका गोड रस घातलेली कोंबडी घरच्या ताटात पोटभर वाढण्याजोगी नसते. शिवाय पाहुण्याला ताटात कोंबडी दिसते, तिला लावलेली चरबी दिसत नाही. अमेरिकेतही शेजारी ज्यू असतात, मुसलमान असतात, गोमांस वर्ज्य मानणारे हिंदू असतात. डुकराची वा गुरांची चरबी वापरली असेल तर वाढण्यापूर्वी तसे सांगणे हे यजमानाचे कर्तव्य आहे. स्पर्धेत पेटीवर नाव नसते म्हणून निवाडा नीट होतो. घरी वाढणाराच समोर उभा असतो, आणि पाहुणा त्याच्या शब्दावर विश्वासून घास उचलतो.