प्रयोगशाळेतून घरापर्यंत : डॉ. कमला सोहोनी



विज्ञान सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले नाही, तर त्याचे मोल किती द्यावे लागते, हे किल्लारीला वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदांचा भार यांखाली हजारो माणसे प्राणास मुकली. भूकंपात तग धरणाऱ्या बांधणीची तत्त्वे तेव्हाही ज्ञात होती. परंतु ती गावच्या गवंड्यापर्यंत आलेली नव्हती. म्हणूनच ज्ञान घरोघर नेण्यासाठी झटलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांचे कार्य येथे आवर्जून स्मरावयाचे.

कमलाबाई या पूर्वाश्रमीच्या भागवत; विदुषी दुर्गा भागवत यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन करून त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री असल्याने प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि त्यांच्या कामाने ती अट निरर्थक ठरविली. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. श्वसनक्रियेत आवश्यक असणारे सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखविले होते.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी संशोधनासाठी गरिबाच्या ताटातील अन्न निवडले. मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांसह त्यांनी कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे घटक असतात. शिजविल्याने त्यांचा प्रभाव बराच कमी होतो. डाळीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या लातूर जिल्ह्यास या संशोधनाचे महत्त्व सहज पटेल. नीरेतील जीवनसत्त्वे व लोह यांवरील कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. पुढे त्या याच संस्थेच्या संचालक झाल्या.

निवृत्तीनंतरही त्यांचे अध्यापन थांबले नाही. वर्गाची जागा समाजाने घेतली. कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संघटनेच्या कार्यात त्या सहभागी झाल्या, तिचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि ‘कीमत’ या तिच्या नियतकालिकातून ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. दुधात पिष्टाची भेसळ असल्यास आयोडीनच्या थेंबाने निळा रंग दिसतो; हा प्रयोग गावच्या शाळेतही करता येतो. तो स्वतः केलेले मूल घरी आईस सांगते आणि विज्ञान आपोआप उंबरठा ओलांडते. त्याचप्रमाणे नवे घर बांधताना सुरक्षित बांधणीची माहिती घरमालकास व गवंड्यास मिळते की नाही, हे पंचायतीने पाहावे. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले सत्य माणसाच्या ताटापर्यंत आणि छपरापर्यंत पोहोचले, तरच विज्ञान शिक्षणाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.